अडसराची बाजू

माझं काम मोजायचं.
म्हणून मंगळवारी फीत, ओळंबा, वही घेऊन
शिवडीच्या त्या टीचभर बागेत गेले
जिथे मीठवेस आणून ठेवलीय,
तट नाही, गाव नाही, नुसतीच वेस.

तिच्यातून कुणी जात नाही.
डाव्या अंगाने पायवाट, उजव्याही अंगाने.
पोरांनी एका खांबावर
कोळशाने तीन यष्ट्या काढल्यात.

उंची सव्वाअठरा फूट.
रुंदी अशी की मिठाची एक बैलगाडी
आणि तिला खेटून चालणारा
जकातीचा एक चिडका माणूस मावावा.
दगड काळा, कमानीला तेवढा पिवळसर.
सांध्यातला चुना नखाने खरवडला
तर आत अजून पांढरा.

कमानीच्या दगडांना खालून आकडे आहेत,
छिन्नीने कोरलेले:
सत्तावीस, अठ्ठावीस, मग एकदम तीस.
एकोणतीस कुठे गेला,
माळ्याला विचारलं. झिलू घाडी त्याचं नाव.
म्हणाला, माझ्या आधीपासून नाय तो.
लिहून घेतलं. पुरावा म्हणून तेवढाच.

दप्तरात आहे ते असं:
तट पाडले त्या साली
द्वारकानाथ अजिंक्य या कारकुनाने
मेणकापडावर वेस उतरवली, दगडांना नंबर दिले.
साय्यण्णा कामाठ्याने ती खरीखुरी उतरवली,
एकशे बारा दगड, गाड्यांवर भाताचा पेंढा घालून,
आणि इथे पुन्हा रचली.
कारकुनाचं अक्षर मोत्यासारखं.
साय्यण्णाचा नुसता अंगठा,
त्यातही शाईपेक्षा चुना जास्त.

मग मला त्या खोबणी दिसल्या.
दोन्ही खांबांत, कमरेच्या उंचीला, चौकोनी.
हात घातला, कोपरापर्यंत गेला.
आत गारवा, विडीचं एक थोटूक,
आणि लाकूड सरकून सरकून
तुपासारखा गुळगुळीत झालेला दगड.

अडसर आतून घालतात.
हे कळायला फीत लागत नाही.
इथे खोबणी रस्त्याकडे आहेत.
आणि येणाऱ्याला भिववायला कोरलेला तो झिजका सिंह
बागेतल्या घसरगुंडीवर डोळे वटारून बसलाय.

म्हणजे ही दोन बाकं, तो तुटका झोका
शहराबाहेर.
आणि गोदी, गोदामं, गिरण्यांच्या जागी उगवलेले काचेचे मनोरे,
पार त्या टोकापर्यंतचं सगळं
आत.

साहेब म्हणाले, मेणकापड आरपार दिसतं,
मागून वाचलं असेल.
असेल.
पण नकाशा पालथा झाला असता
तर आकडे उजवीकडून चढले असते.
ते नीट डावीकडूनच चढतात.
कुणीतरी सगळी वेस
जाणूनबुजून पाठमोरी केलीय.

साय्यण्णा तटाबाहेर राहायचा.
दिवेलागणीला तोफ झाली
की ज्याचे दगड घडवले
त्याच शहराचं दार त्याच्या पाठीवर लागायचं.
मग अडसर पडायचा.
तो आवाज बाहेरून कसा येतो
हे अजिंक्यांना कळायचं कारण नव्हतं,
ते तेव्हा आत जेवायला बसलेले असत.

अर्थात हा अंदाज.
अहवालात अंदाजाला रकाना नसतो.
अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं:
दुरुस्ती नको. अडसर योग्य बाजूस.
साहेबांनी 'योग्य'भोवती लाल गोल काढला,
पुढे प्रश्नचिन्ह,
आणि वही परत आली.

शनिवारी पुन्हा गेले. एकोणतिसाव्यासाठी, असं सांगून.
सहा वाजता झिलूने शिट्टी मारली.
तो कुलूप लावतो ते पुढच्या हिरव्या लोखंडी फाटकाला.
वेशीला लावणार कशाला, दारंच नाहीत.
मी पायवाट सोडली,
सिंहाखालून वाकायची गरज नसताना जरा वाकले,
आणि मधून चालत बाहेर आले.
म्हणजे, आत.

बसमध्ये शेजारच्या बाईने सांगितलं
कोपराला काहीतरी लागलंय, पांढरं.
पुसायला रुमाल देत होती.
राहू दे म्हटलं.